आधी श्वास

"हा कर," मास्तरीण म्हणाली.

तो दुकानाच्या पायरीवर उभा होता आणि ती आत. दर महिन्याला पगाराच्या संध्याकाळी तो असाच यायचा, खिशातलं पाकीट काढायच्या आधी तोंड उघडायचा आणि एक लांबलचक श्वास तिच्या तोंडावर सोडायचा. मास्तरीण नाक पुढे करून वास घ्यायची, मान हलवायची, मगच पाकिटाला हात लावायची. आधी श्वास, मग पैसे. हा नियम तिचा होता आणि इतक्या वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता.

आज तिने वास घेतला आणि तिची मान हललीच नाही.

"परत कर."

त्याने परत केलं.

"पाकीट खिशात ठेव आणि चालायला लाग."

"बाई, पैसे तरी..."

"प्यायलेल्या माणसाचा पैसा या दुकानात चालत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

तो खाली बघत राहिला. गळ्यातला रुमाल त्याने उगाचच सारखा केला. पायरी उतरून तो गेला. मास्तरीण तिथेच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

आत फोम कापत बसलेल्या लेकीने सगळं ऐकलं होतं. तिने सुरी खाली ठेवली.

"आई, पैसे घ्यायचे होतेस ग! तो प्यायला असेल, पण नोटा थोड्याच प्यायल्यात?"

"तुझं तू काम कर."

"माझी फी भरायची आहे या आठवड्यात. एक्स-रेच्या कोर्सला दुसऱ्यांदा नाही घेत कोणी."

"भरीन मी."

"कशातून?"

मास्तरिणीने शिलाईचं मशीन सुरू केलं. मशीनचा आवाज मोठा होता. घरातली पुष्कळशी भांडणं त्याच्याखाली मिटायची.

दुकान गाड्यांच्या सीटांचं. टॅक्सी असो, ट्रक असो, बस असो, फाटलेली सीट इथे यायची आणि नवी होऊन जायची. दुकान मास्तरांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. मास्तरांची एक रीत होती. शेवटचा टाका घालायच्या आधी ते प्रत्येक सीटवर स्वतः बसून बघायचे. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, जणू लांबच्या प्रवासाला निघालेत. "हाताला जे कळत नाही ते बुडाला कळतं," असं म्हणायचे. गिऱ्हाइकं हसायची, पण सीट दुसऱ्याकडे न्यायची नाहीत. मास्तर गेल्यावर लोकांनी मास्तरिणीला दुकान विकायचा सल्ला दिला. तिने सल्ला ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडून बसली. हात तिचा आधीपासूनच चांगला होता, आणि नाक तर विचारू नका. रेक्झिन अस्सल की भेसळीचं, हे ती वासावरून सांगायची. व्यापारी तिच्यासमोर गुंडाळी उलगडायच्या आधी दोनदा विचार करायचे. आपल्या नाकाचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

मास्तर गेले ते दुकानापासून हाकेच्या अंतरावर. खांद्यावर रेक्झिनची गुंडाळी घेऊन ते फुटपाथवरून येत होते आणि गाडी फुटपाथवर चढली. आवाज ऐकून ती धावली. मास्तरांचं डोकं तिने मांडीवर घेतलं तेव्हा गाडी चालवणारा पोरगेला माणूस समोर येऊन गुडघ्यांवर बसला. तो रडत होता, काहीबाही बोलत होता, मास्तरांना हाका मारत होता, आणि त्याच्या तोंडाचा तो आंबूस वास मास्तरांच्या चेहऱ्यावर येत होता. मास्तरांचा शेवटचा श्वास आणि हा वास, दोन्ही तिला एकाच वेळी आले. अजूनही नवऱ्याचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आधी वास येतो आणि मग चेहरा. हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही.

कोर्टात तो आधी म्हणाला, मी प्यायलोच नव्हतो. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि तो गप्प झाला. शिक्षा झाली. शिवाय न्यायाधीशांनी असंही सांगितलं की सुटून आल्यावर मृताची मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या पालनपोषणाचा खर्च याने दर महिन्याला द्यायचा. बाप परत मिळणार नाही, पण बापाची कमाई तरी पोरीला मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मास्तरिणीला ते पटलं. भीक नव्हे, हक्काचा पैसा होता.

तो सुटला. दोन हप्ते भरले आणि तिसऱ्याला पत्ताच नाही. मास्तरीण कोर्टाच्या ऑफिसात गेली तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "त्याला कोणी कामावर ठेवत नाही, बाई. तुम्ही तक्रार करा, परत आत जाईल."

"आत जाऊन तो फुकट जेवेल. माझ्या पोरीला काय मिळेल?"

"ते कायद्यात नाही."

"मग कायदा राहू दे. त्याचा पत्ता द्या."

पत्ता मिळाला. एका खोलीत तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मास्तरिणीने दारातूनच विचारलं, "काम मिळालं तर करशील?" तो उठून बसला आणि तिला ओळखून इतका घाबरला की त्याला हो म्हणायलाही वेळ लागला. तिथून ती तडक बसच्या डेपोत गेली. डेपोच्या बसच्या सीटा तिच्याकडेच यायच्या, त्यामुळे तिथले साहेब ओळखीचे होते.

"बस धुवायला माणूस हवाय ना तुम्हाला? एक आहे."

"कोण आहे?"

तिने सांगितलं. साहेबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"मास्तरीणबाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? आणि याची हमी कोण देणार?"

"मी."

"तुम्ही?"

"साहेब, झाडाला पाणी घातल्याशिवाय फळ येत नाही. मला फळाशी मतलब आहे. झाडावर माझं प्रेम आहे असं कोणी म्हटलंय?"

साहेबांनी त्याला ठेवलं, पण एका अटीवर. प्यायलेला दिसला तर त्याच दिवशी घरी, आणि ते सांगायची जबाबदारी हमीदाराची. मास्तरिणीने अट मान्य केली आणि वर आपली एक घातली. पैसे कोर्टाच्या ऑफिसात भरायचे नाहीत, पगाराच्या संध्याकाळी दुकानात आणून द्यायचे, आणि आधी श्वास. नातेवाइकांत बोंबाबोंब झाली. धाकटे दीर तर घरी येऊन ओरडले, "वहिनी, ज्याने कुंकू पुसलं त्यालाच पोटाशी धरताय?" तिने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊजी, पोरीचा खर्च तुम्ही देणार असाल तर आज त्याला काढते." भाऊजी पाणी पिऊन गेले. पुढे बरेच दिवस त्यांची तब्येत नरम असल्याचं कानावर येत होतं.

त्याचं नाव घरात कोणी घेत नसे. मायलेकी त्याला 'हप्ता' म्हणायच्या. "आई, हप्ता आलाय बाहेर," असं लेक सांगायची, आणि तोही ते ऐकून घ्यायचा.

आणि आता हा हप्ता पिऊन आला होता.

रात्री तिला झोप लागली नाही. पैशांची चिंता होतीच, पण त्याहून राग जास्त होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं, ज्याचं तिलाच आश्चर्य वाटत होतं. तिला वाईट वाटत होतं. इतकी वर्षं तो कोरडा राहिला हे जणू तिचंच कसब आहे, अशा थाटात ती वावरत आली होती. सीट छान शिवावी आणि वर्षभरात फाटून परत यावी, तसं झालं होतं.

सकाळी ती डेपोत गेली.

"साहेब, माझी हमी मागे घेते. काल तो पिऊन आला होता."

"कोण, तो?" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, तो खोकल्याचं औषध घेत नाही. त्यात दारू असेल म्हणून. मागे आठवडाभर खोकून खोकून आम्हाला वीट आणला त्याने."

"माझं नाक खोटं बोलत नाही."

"ते मला ठाऊक आहे." साहेब हिरमुसले. "हमीदार म्हणताय म्हणजे मला काढावंच लागेल. माणूस मात्र कामाचा होता हो."

तेवढ्यात आत्या आत आल्या. आत्या म्हणजे बस धुणाऱ्यांतल्या सगळ्यांत जुन्या बाई. डेपोतला प्रत्येकजण त्यांचा भाचा होता, साहेबांसकट. त्यांना किल्ली हवी होती. त्या टेबलाजवळ आल्या आणि मास्तरिणीच्या नाकाने एकदम कान टवकारले म्हणा ना. तोच वास. तोच आंबूस, डोक्यात जाणारा वास, तोही सकाळी सकाळी, आत्यांच्या तोंडाजवळून.

"आत्या," मास्तरीण म्हणाली, "जरा हा करा."

"काय करू?"

"तोंड उघडा आणि श्वास सोडा."

"अग बाई! दातांची डॉक्टर झालीस की काय? दोन उरलेत, ते मोजायला तोंड कशाला उघडायचं?" असं म्हणत का होईना, आत्यांनी हा केलं. श्वासाला चहाचा वास होता. मास्तरिणीने पुढे वाकून आत्यांच्या गळ्यातला रुमाल नाकाशी धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हे काय आहे?"

"काचा पुसायचं नवं औषध, स्पिरिटचं. या आठवड्यातच आलंय. फवारा मारला की नाकातोंडात जातं, म्हणून आम्ही सगळे रुमाल बांधतो. धुतला तरी वास जात नाही मेल्याचा. परवा आमच्या सूनबाई मला म्हणाल्या, आत्याबाई, या वयात हे काय नवं!"

साहेब हसायला लागले. मास्तरिणीचा चेहरा पाहून त्यांनी हसू गिळलं आणि समोरचे कागद उगाच सारखे केले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ती दुसऱ्यांना आयुष्यभर ऐकवत आली होती. आज स्वतःचीच जीभ तिला तोंडात जड झाली.

"हमी राहू दे, साहेब," एवढंच ती म्हणाली.

तो मागच्या बाजूला एका बसची चाकं धूत होता. तिला पाहून त्याने पाणी बंद केलं आणि पाइप बाजूला ठेवला. कामावरून काढल्याचं सांगायलाच ती आली आहे, असा त्याचा समज झाला असणार, कारण त्याने आधी बादली आणि ब्रश उचलून नीट जागेवर ठेवले.

"काल बोलला का नाहीस?"

"काय बोलू?"

"की रुमालाला औषधाचा वास आहे म्हणून. की प्यायलेलो नाही म्हणून."

त्याने ओले हात पँटला पुसले.

"ते वाक्य मी एकदा बोललोय, बाई. कोर्टात. तुमच्यासमोर. खोटं बोललो. आता ते वाक्य माझ्या तोंडी खरं असलं तरी शोभत नाही."

मास्तरिणीला काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. अशा वेळी तिला शब्द कमी पडत नसत. पण या माणसाने तिचा नवरा मारला होता आणि आज चूक तिची होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि एकीने दुसरी खोडली जात नव्हती. फिटंफाट करायचा मोह तिला क्षणभर झाला. तुझ्या चुकीपुढे माझी ती काय, असं म्हणून निघून जाता आलं असतं. तिने ते केलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तो इतका गडबडला की त्याने बादली पुन्हा उचलली.

"असू दे, बाई."

"असू दे कसं? माझी चूक ती माझी चूक. रुमाल काढ."

त्याने रुमाल काढून लांब ठेवला.

"हा कर."

पाणी टपकणाऱ्या बसशेजारी, दिवसाढवळ्या, त्याने तोंड उघडून श्वास सोडला. पलीकडे दोन ड्रायव्हर बघत होते. मास्तरिणीने वास घेतला आणि चांगली दोनदा मान हलवली, लांबून बघणाऱ्यांनाही दिसेल अशी.

"पाकीट कुठे आहे?"

"खिशातच आहे. कालपासून."

पाकीट ओलसर झालं होतं. ती तिथून परस्पर लेकीच्या कॉलेजात गेली आणि फी भरली.

त्यानंतर तो येताना रुमाल डेपोतच ठेवून यायचा. बाकी काही बदललं नाही. लेकीचा अभ्यास चालू राहिला, सीटा येत राहिल्या, पगाराच्या संध्याकाळी पायरीवर पावलं वाजत राहिली. मास्तरीण त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. फक्त एकदा तो तापाने फणफणलेला आला तेव्हा तिने पाकीट घेतलं आणि "डॉक्टरकडे जाऊन ये, औषधात काही नसतं," असं दरडावलं. तो गेला आणि औषध घेऊन बरा झाला.

मग लेक अठरा वर्षांची झाली. त्या महिन्याच्या पगाराच्या संध्याकाळी त्याने श्वास सोडला, पाकीट दिलं आणि तसाच उभा राहिला.

"हा शेवटचा," मास्तरीण म्हणाली. "कोर्टाचं झालं. आता यायचं कारण नाही."

"हो."

"नोकरी नीट कर. माझी हमी आहे तिथे अजून."

"हो, बाई."

तो गेला. लेक दारात येऊन त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "सुटलो एकदाचे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आता त्याला काय म्हणायचं ग?" मास्तरीण म्हणाली, "काही म्हणायचं नाही. संपलं." आणि खरंच संपलं असं तिला वाटलंही. हलकं वाटलं. रात्री तिने दोन घास जास्त खाल्ले.

पुढचा महिना कसा गेला ते कळलं नाही. लेकीला हॉस्पिटलात उमेदवारी मिळाली होती, ती पांढरा कोट घालून आरशासमोर फार वेळ उभी राहायची. पगाराच्या संध्याकाळी मास्तरीण एका बसची ड्रायव्हरची सीट शिवत होती. अंधारून आलं. शेजारची दुकानं बंद झाली.

"आई, शटर ओढू का?"

"थांब. ही सीट घाईची आहे."

सीट घाईची नव्हती. ती परवा द्यायची होती आणि लेकीलाही ते ठाऊक होतं.

पायरीवर पावलं वाजली. मास्तरिणीने सुई सीटमध्ये टोचून ठेवली आणि दाराशी गेली. तो उभा होता. गळ्यात रुमाल नव्हता, हातात पाकीट नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

"आता काय?" तिने विचारलं.

"आज पगार झाला."

"मग?"

"पगाराच्या दिवशी डेपोतले सगळे प्यायला जातात, बाई. मला म्हणतात, चल. मी दर वेळी म्हणतो, मला एका ठिकाणी जायचंय." त्याने मान खाली घातली. "आजही तेच म्हणालो. सवयीने. मग म्हटलं, खोटं कशाला बोलायचं."

लेक आतून बघत होती. मास्तरीण चौकटीला टेकली. या पायरीवर येऊन उभा राहणारा तोच एक माणूस होता, ज्याने मास्तरांना शेवटचं पाहिलं होतं. तो आणि ती, दोघंच. आणि इतक्या वर्षांच्या त्याच्या श्वासांनी तो जुना वास थोडा थोडा मागे ढकलला होता. हल्ली कधी कधी तिला नवऱ्याचा चेहरा नुसता आठवायचा, वासाशिवाय. ते या क्षणी तिच्या लक्षात आलं.

"हा कर," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडून श्वास सोडला. तिने नाक पुढे केलं, वास घेतला आणि मान हलवली.

"ये आता," ती म्हणाली. जा म्हणायच्या वेळी तिने आजपर्यंत 'चालायला लाग' म्हटलं होतं. तो पायरी उतरला आणि दिव्याच्या उजेडातून पलीकडे गेला.

"माफ केलंस त्याला?" लेकीने हळूच विचारलं.

"नाही. ते तुझ्या बाबांचं काम. ते नाहीत."

ती आत आली, सीटवर बसली, हात मांडीवर ठेवून तिने डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग उठली, शेवटचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.

"ओढ आता शटर," ती म्हणाली.